ताण आणि बहर

निवृत्तीनंतर बाग करावी, असे अनेकांच्या मनात असते. हिमाचलच्या सहलीहून परतताना काहीजण हौसेने पीचचे रोपही घेऊन येतात. परंतु पीच हे थंड हवेचे झाड. हिवाळ्यात पुरेसा दीर्घ गारवा मिळाला, तरच त्याची झोप पुरी होते आणि वसंतात ते फुलते. पिंपरी-चिंचवडला तेवढी थंडी पडत नाही. म्हणून प्राधिकरणातील आमच्या अंगणात मी डाळिंब लावले.

डाळिंबाचे या परिसराशी नाते जुने आहे. आळंदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या जातीतून डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली पुण्यातील गणेशखिंड येथे मऊ बियांचे एक झाड निवडले. तेच पुढे ‘गणेश’ या नावाने घरोघरी पोहोचले. आज बाजारात मिळणारा ‘भगवा’ही त्याच वंशातला.

पीचला विश्रांती थंडी देते. डाळिंबाला ती आपण द्यावी लागते. रोज पाणी मिळणारे डाळिंब वर्षभर चार-दोन फुले धरते आणि गाळते. यासाठी आपले शेतकरी झाडाला ‘ताण’ देतात. बहर तीन : मृग, हस्त आणि आंबे. घरच्या बागेला आंबे बहर सोयीचा, कारण पाऊस संपलेला असल्याने पाणी तोडणे आपल्या हाती असते. डिसेंबरात मी पाणी बंद करतो. महिना-दीड महिन्यात पाने पिवळी पडून गळतात. मग हलकी छाटणी, बुंध्याजवळचे फुटवे काढणे, आळ्यात शेणखत आणि बेताचे पहिले पाणी. थोड्याच दिवसांत नवी पालवी आणि लाल कळ्या दिसू लागतात. पुष्कळ फुले गळतात, पण त्यांत नरफुलेच अधिक असतात, घाबरू नये. फळ वाढताना मात्र पाणी नियमित हवे, नाहीतर साल तडकते.

फळ पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू फुलांवर व कोवळ्या फळांवर अंडी घालते. आमच्या घरी विषारी फवारणीला सौभाग्यवतींचा ठाम नकार. म्हणून फळ धरताच आम्ही त्यावर मलमलीची पिशवी बांधतो. अंडेच पडले नाही, तर मारण्याचा प्रश्न उरत नाही.

डॉक्टर ज्याला ताण म्हणतात, त्याचा विचार मी या झाडापाशी पुष्कळ केला. माझा पुतण्या चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतो. बारा महिने, सातही दिवस गाळा उघडा. चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. बँकेत असताना कर्जदारांच्या खात्यांत मी हेच पाहिले : हप्ता जड असला तरी परतफेडीची मुदत ठरलेली असेल, तर माणूस तो निभावून नेतो, मुदत नसलेले ओझे त्याला मोडते. झाडाचेही तसेच. ताण मोजून दिला आणि वेळेवर सोडला, तर बहर येतो. सोडायचाच राहिला, तर खोड वाळते.

पुतण्याला मी एवढेच सांगितले : ‘अरे, मालाच्या पोहोचीची तारीख तू वहीत लिहितोस, तशी विसाव्याचीही लिही.’ आता रविवारी गाळा बंद असतो. पहिल्या रविवारी तो मुलांना घेऊन आला आणि पिशव्या बांधायला बसला.