कफाची साक्ष

'इन्फ्लमेशन' या शब्दाला मराठीत 'दाह' म्हणावे की 'शोथ', याविषयी आपल्या लेखनात एकवाक्यता नाही. दाहात आग आहे, शोथात सूज आहे. आणि दम्याच्या रोग्याला मात्र श्वासनलिकेतली ही आग वा सूज, यांपैकी काहीच जाणवत नाही. त्याला जाणवते ती धाप. चरकसंहितेत श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत आडवे होताच वाढणारा आणि उठून बसल्यावर हलका होणारा तो तमकश्वास. ते वर्णन मी विद्यार्थिदशेत वाचले तेव्हा त्यात मला नवे काही नव्हते. उशांच्या ढिगावर पुढे झुकून रात्री काढणारी आई मी रोज पाहत होतो.

1970 नंतरच्या त्या दशकात आमच्या गावी आईचे दुखणे मोजण्याचे साधन एकच होते: तिचे शब्द. ते शब्द खोटे नव्हते. ते निराळ्या कामासाठी योजलेले होते. 'आता बरं आहे' हे वाक्य ती वडिलांची झोप मोडू नये म्हणून उच्चारी, आणि डॉक्टर ते निदान म्हणून टिपून घेत. शेजारणींच्या मते ती सगळे मनाला लावून घेत असे. एकदा तिचा कफ तपासला गेला. क्षयाचे जंतू आढळले नाहीत, असा कागद आला आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. त्या काचपट्टीवर आणखी काय होते हे कुणी पाहिले नाही, कारण तसा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. संहितेत एकच पाठभेद शोधायचा आणि तो न सापडल्यास पोथी बांधून ठेवायची, असे वाचन आमच्या क्षेत्रातही चालते.

वस्तुतः तो प्रश्न तोवर विचारून झाला होता. इओसिन या तांबड्या रंगाने रंगणाऱ्या पेशी पाउल एर्लिख यांनी 1879 मध्ये ओळखल्या होत्या. (इओस ही ग्रीकांची उषा, इतके सुंदर नाव कफात वावरणाऱ्या पेशीला मिळावे, ही भाषेची गंमत.) 1950 नंतरच्या दशकात स्टेरॉइडांचा जुनाट दम्यावर कितपत उपयोग होतो याविषयी इंग्लंडमधल्या वैद्यकांत निराशा होती. डर्बी येथील हॅरी मॉरो ब्राउन यांनी रोग्यांचा कफ साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि 1958 मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या कफात इओसिनोफिल आहेत त्यांना प्रेडनिसोलोन लागू पडते. ज्यांच्या कफात नाहीत त्यांना बहुधा पडत नाही. बाहेरून सारखी दिसणारी धाप आतून एक नव्हती. लागले काय, तर काचपट्टी, रंग आणि पाहणारा डोळा. पहिल्या दोन वस्तू आमच्या तालुक्यातही होत्या.

आई 1978 च्या पावसाळ्यात गेली. कफ नीट वाचला गेला असता तर ती वाचली असती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तिच्या कफात काय होते हेच ठाऊक नसताना तसे म्हणणे हे साहित्यातल्या 'जर-तर'च्या समीक्षेइतकेच पोकळ होईल.

पुढे हे वाचन अधिक शिस्तीचे झाले. खारट पाण्याचे तुषार हुंगवून कफ मिळवायचा, तो ताजा असतानाच पेशी मोजायच्या. शंभरात तीन वा अधिक इओसिनोफिल म्हणजे दाह जागा आहे. 2002 मध्ये लेस्टर येथील अभ्यासात लक्षणांऐवजी या मोजणीवरून उपचार ठरवलेल्या रोग्यांना तीव्र झटके कमी आले. स्टेरॉइडची एकंदर मात्रा मात्र फारशी वेगळी नव्हती. पण ही तपासणी किचकट, आणि मोजणारे हात थोडे. म्हणून श्वासच तपासू लागले. उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो हे 1991 मध्ये स्वीडनमध्ये आढळले, आणि दम्याच्या रोग्यांत तो वाढलेला असतो हे दोन वर्षांनी. मोटारीच्या धुरातला हाच वायू दाहाच्या वेळी श्वासनलिकेचे अस्तर अधिक निर्माण करते.

पन्नाशीत मलाही दमा जडला. आता वर्षातून तीन-चारदा मी त्या यंत्रात फुंकतो: सेकंदाला 50 मिलिलिटर, न घाई, न खंड. अब्जांशात 25 च्या आत असल्यास निश्चिंत, 50 च्या वर असल्यास औषध नीट चालू आहे ना, याची चौकशी. पण हा साक्षीदारही निःपक्षपाती नाही. धूम्रपानाने आकडा खाली येतो. पालकासारख्या भाज्यांनी चढू शकतो. शिवाय चुलीच्या वा विडीच्या धुराने फुप्फुसे झिजलेल्या कित्येकांचा दाह निराळ्याच पेशींचा असतो. त्यांच्याविषयी हे यंत्र बव्हंशी मौन पाळते. आपल्या खेड्यांतल्या बायकांचे दुखणे पुष्कळदा याच जातीचे, आणि ते वाचायचे तर पुन्हा काचपट्टीकडेच वळावे लागते.

माझ्या डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या आहेत. आकडा उमटण्यापूर्वी त्या विचारतात, "कसं वाटतंय?" माझे उत्तर लिहून झाल्याखेरीज त्या फुंकू देत नाहीत. मागच्या खेपेस मी 'उत्तम' म्हणालो आणि यंत्राने 61 दाखवले. त्यांनी दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, औषध ओढण्याची माझी पद्धत करवून पाहिली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले.