हत्तीची पेन्शन कोण देणार?

जुलै २०२५ च्या शेवटी नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरच्या वनताराला गेली आणि आपल्या शिरोळ-कोल्हापूर भागात घराघरांत तोच एक विषय झाला. सह्यांची मोहीम झाली, मूक मोर्चा निघाला, लोकांनी मोबाईल नंबर पोर्ट केले. एक बाजू म्हणत होती, १९९२ पासून आम्ही तिला सांभाळली, ती आमच्या घरची आहे. दुसरी म्हणत होती, एवढ्या मोठ्या प्राण्याला साखळीत ठेवायचा हक्क कुणालाच नाही. तळमळ दोन्हीकडे खरी होती. पण या सगळ्यात एक साधा व्यवहाराचा प्रश्न मागे पडला. माणसासाठी राबलेला हत्ती थकला की त्याला ठेवायचं कुठे, आणि पुढची वीस वर्षं त्याचं करायचं कुणी?

हा प्रश्न मठांच्या आधी सर्कशींनी आपल्यापुढे आणला होता. तेव्हा त्याचं उत्तर शोधलं नाही, म्हणून आता तो दारात येऊन उभा राहिलाय.

सर्कशीच्या बाबतीत आपल्याला परक्यासारखं बोलता येणार नाही. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोडे तयार करायचे. त्यांनी १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, आणि भारतीय सर्कशीची सुरुवात तिथूनच धरतात. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. कुरुंदवाड आणि नांदणी एकाच तालुक्यात आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

मी शाळेत असताना मिरजेत सर्कशीचा तंबू पडला की आम्ही पोरं दोन दिवस आधीपासून हत्ती बघायला जायचो. खेळात हत्तीण शंकराच्या पिंडीची पूजा करायची. सोंडेने घंटा वाजवायची, पाणी घालायची, मग गुडघे टेकून नमस्कार. माझ्या शेजारी बसलेल्या आज्जींनी हात जोडले होते. नंतर ती छोट्या स्टुलावर चारही पाय गोळा करून उभी राहिली आणि शेवटी मागच्या दोन पायांवर. टाळ्यांनी तंबू दणाणला. लहान मुलाला यापेक्षा मोठं आश्चर्य काय असणार?

ते आश्चर्य तयार कसं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून, माहूत मंडळींशी बोलून कळलं. हत्ती हुशार आहे, त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, हे खरंच. पण डोक्यावर उभं राहणं त्याला हुशारीने सुचत नाही. पिल्लू आईपासून लवकर तोडायचं, दोरांनी पाय बांधायचे. मग हुकूम द्यायचा आणि दोर ओढून शरीर त्या स्थितीत आणायचं. जमलं की गूळ, केळं. नाही जमलं की अंकुश. कानामागे, पायाच्या वरच्या भागात कातडी नाजूक असते, तिथे टोचायचा. हेच शेकडो वेळा. काही महिन्यांनी टोचावं लागत नाही, अंकुश नुसता टेकवला तरी पुरतं. आणखी काही दिवसांनी तो हातात दिसला तरी काम होतं. आपण तिकीट काढून बघतो तो हा शेवटचा टप्पा. प्रेक्षकाला तिथे मार दिसत नाही, कारण तो आधीच देऊन झालेला असतो.

माहुताला खलनायक करायचं मला काही कारण दिसत नाही. तोच माणूस रात्री हत्तीशेजारी झोपतो, आजारपणात उपाशी बसतो. त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलेलं असतं आणि पगार म्हणाल तर बेताचाच.

आता शरीराचं बघा. आशियाई हत्तिणीचं वजन साधारण तीन टन. एवढं ओझं पेलायला तिच्या तळव्यात चरबीची जाड गादी असते, आणि ती गादी चालण्यासाठी असते. हत्ती जंगलात दिवसभर चालतो, त्यामुळे नखं झिजतात, तळवा साफ राहतो. सर्कशीत खेळाची काही मिनिटं सोडली तर दिवस साखळीवर, स्वतःच्याच मलमूत्राच्या ओलीत, आणि गाव बदललं की ट्रकमध्ये. नखं वाढतात, तळवा कुजतो, जखमा हाडापर्यंत जातात. मागच्या पायांवर उभं राहून, स्टुलावर चढून सांधे आखडतात. पाळीव हत्तींना लवकर संपवणारी मोठी दुखणी हीच, पायाची आणि सांध्यांची.

आणि दात. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की नीट चावता येत नाही. मग चारा बारीक कुटून, शिजवून द्यावा लागतो. खाली बसलं तर उठता येत नाही, म्हणून टेकायला वाळूचा मोठा ढीग लागतो. पायांना रोज औषधाच्या पाण्याचा शेक. हे सगळं करणारा ओळखीचा माणूस जवळच लागतो, आणि तोही बदलून चालत नाही.

कायद्याने काय केलं? केंद्राने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले कोर्टात गेले, पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बंदी कायम ठेवली. त्या यादीत हत्ती नव्हता! वाघ-सिंह सर्कशीतून निघाले तेव्हा त्यांच्यासाठी विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा अशा ठिकाणी सरकारी मदतीने केंद्रं झाली. तिथे ते म्हातारे होऊन मेले. ती व्यवस्था आदर्श होती असं नाही, पण निदान जागा होती आणि खर्चाला धनी होता.

हत्तींना २०१३ च्या सुमारास दुसऱ्या वाटेने बाहेर काढलं. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशींची मान्यता काढायला सुरुवात केली. ते योग्यच झालं. पण 'हत्ती ठेवू नका' सांगताना 'मग इथे आणून सोडा' असं सांगायला सरकारकडे पुरेशी जागा नव्हती. हत्ती विकायला कायद्याने बंदी, दान देता येतो. मग कुणी मंदिराला दिला, कुणी ओळखीच्या माणसाकडे ठेवला, काही हत्ती मथुरेसारख्या ठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांनी नेले. म्हणजे एका साखळीतून सुटलेला हत्ती पुढे कुणाच्या हाती जाणार, हे त्याच्या नशिबावर.

आपल्या राज्यात वनविभागाचा हत्ती कॅम्प गडचिरोलीत, कमलापूरला. कोल्हापुरातून कमलापूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. उलट ताडोब्याचेच हत्ती २०२२ मध्ये जामनगरला गेले. तिथली व्यवस्था चांगली की वाईट हा या पोस्टचा विषय नाही. पण राज्याच्या म्हाताऱ्या हत्तींसाठी एका खासगी संस्थेशिवाय दुसरं नाव सुचू नये, हे कुठल्याही सरकारला शोभत नाही.

खर्च मोठा आहे, मान्य. आपल्या हिशोबात सांगते. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरला तरी वर्षाला जवळपास ५५ टन होतात. म्हणजे एकरभर चांगल्या उसाचं वजन. वीस वर्षं जगला तर अकराशे टन. वर माहूत, डॉक्टर, औषधं, पाणी, सावली आणि चालायला मोकळी जमीन. एवढा भार एकट्या मठाने किंवा बंद पडत चाललेल्या सर्कसमालकाने उचलावा म्हणणं म्हणजे हत्तीलाच उपाशी मारणं.

दुसरीकडे हे झालेलं आहे. डेन्मार्कने २०१९ मध्ये देशातल्या सर्कशीतले शेवटचे चार हत्ती सरकारी पैशाने विकत घेतले, १ कोटी १० लाख क्रोनर देऊन, आणि मग ते सफारी पार्कमध्ये ठेवले. तो छोटा आणि श्रीमंत देश आहे, आपल्याला तसंच्या तसं जमणार नाही. पण क्रम लक्षात घ्या. आधी जागा, आधी पैसे.

महादेवीवरून पेटल्यावर नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र करायचं, असं बोलणं झालं. माझं म्हणणं एवढंच की ते केंद्र एका हत्तिणीपुरतं आणि एका आंदोलनापुरतं नको. राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची कायमची तरतूद हवी, पूर्णवेळ पशुवैद्य हवा, आणि हत्तीबरोबर आलेल्या माहुताला तिथेच पगारी नोकरी हवी. पश्चिम महाराष्ट्रातला कुठल्याही मठाचा, देवस्थानाचा हत्ती थकला तर त्याला हजार किलोमीटर ट्रकमध्ये घालावं लागू नये. आणि नवा हत्ती आणणाऱ्याने आधी त्याच्या म्हातारपणाचे पैसे भरावेत, मग तो कुणीही असो.

हत्तीवर आपलं प्रेम आहे, हे मोर्चात चाललेल्या हजारो लोकांनी दाखवलं. आता आमदार-खासदार गावात आले की त्यांना फोटोआधी एक विचारा: केंद्राचं काम कुठवर आलं, आणि त्यासाठी यंदा किती रुपये ठेवलेत? आकडा सांगितला तर कमेंटमध्ये लिहा. नाही सांगितला तरी लिहा.