जामच्या चौकातला नकाशा

भारताचे प्राकृतिक विभाग मुलांना पाठ असतात. हिमालय, उत्तरेचं मैदान, वाळवंट, पठार, किनारपट्टी, बेटं. सहा नावं, नकाशात सहा रंग, मार्क पक्के. पण ‘आपण यातल्या कुठल्या रंगात राहतो?’ असं विचारलं की वर्ग गप्प. जामला सुट्टीच्या दिवशी सहावी-सातवीच्या पोरांना भूगोल शिकवतो, तेव्हा मी हाच प्रश्न आधी विचारतो.

जाम म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. इथून एक रस्ता वरोरा-चंद्रपूरकडे फुटतो. तुम्ही नागपूरहून चंद्रपूरला कधी गेला असाल, तर इथला चहा बहुतेक प्यायला असाल. या महामार्गाचा आजचा नंबर ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी. २०१० मध्ये नंबर बदलले, त्याआधी हाच रस्ता सात नंबरचा होता आणि वाराणसीहून यायचा. जामसमोरचं डांबर तेच राहिलं. वरचं टोक तेवढं गंगाकाठावरून काश्मीरला गेलं.

म्हणून आम्ही वह्या घेऊन एका हॉटेलच्या ओट्यावर बसतो आणि ट्रकच्या पाट्या लिहितो. एमएच ३२ आपली, ३४ चंद्रपूरची. तेलंगणाच्या गाड्यांवर आधी एपी होतं, २०१४ नंतर टीएस, २०२४ पासून टीजी. एका राज्याची गोष्ट तीन पाट्यांत कळते. मग एनएल आली की गलका होतो. नागालँड! एकदा पोरांनी चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला गाव विचारलं, तर तो निघाला राजस्थानचा. ‘‘सर, गाडी नागालँडची, मंग डायवर राजस्थानचा कसा?’’ तिथं कर आणि परमिट सोयीचं पडतं म्हणून बाहेरचे कितीतरी मालक ट्रक नागालँडमध्ये नोंदवतात. म्हणजे पाटी कागदाची, माणूस वाळवंटाचा आणि चाकं पठारावर. हे पोरांच्या जे डोक्यात बसलं, ते कुठल्याही तक्त्याने बसलं नसतं.

पठार मात्र पायाखालीच असतं, म्हणून ते कोणाला दिसत नाही. आपली काळी कापसाची माती बेसॉल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. वरोऱ्याकडे गेलं की हा लाव्हा संपतो आणि त्याहून खूप जुना, पोटात कोळसा असलेला खडक लागतो. त्या रस्त्याने येणाऱ्या ट्रकच्या ताडपत्रीखाली तोच कोळसा असतो. आमच्याच तालुक्यात गिरडची टेकडी आहे, वर बाबा फरीदांचा दर्गा. टेकडीवर गोट्यांसारखे, सुपारीसारखे दगड सापडतात. लोक सांगतात, बंजाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला. भूशास्त्र म्हणतं, लाव्ह्यातल्या पोकळ्यांत तयार झालेली ती झिओलाइटं. मी दोन्ही सांगतो. गोष्टीतसुद्धा दूरदेशीचा माल इथूनच चाललेला आहे, हे मला जास्त आवडतं.

अवघड प्रश्न एका मुलीने विचारला. तिचा दादा पुण्याला शिकतो, तिथं त्याला सगळे ‘वऱ्हाडी’ म्हणतात. ‘‘सर, आपण वऱ्हाडी आहो का?’’

मी फळ्यावर वर्धा नदी काढली. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला, तो निजामाकडे गेला. आपण नदीच्या पूर्वेला, नागपूरच्या राज्यात राहिलो. पुढे इंग्रजांनी १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातूनच वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्या हिशेबाने आपण वऱ्हाडात नाही. पण बोलीला तह माहीत नसतो, पुण्याच्या कानाला तर नाहीच. खडकाची रेघ एकीकडून जाते, राज्याची दुसरीकडून आणि बोलीची तर रेघच नाही, हळूहळू रंग बदलतो.

तिने वहीत तिन्ही रेघा तीन पेनांनी काढून पाहिल्या. मग विचारलं, ‘‘दादाले काय सांगू?’’

म्हटलं, आधी त्याला विचार, विचारणारा खडकाचं विचारतो का बोलीचं.

‘‘त्यायले फक्त हसाचं असते, सर,’’ ती म्हणाली आणि वही दप्तरात टाकली.