सांताक्लॉज, ओल्डमॅन आणि मुलांचा विश्वास

बेळगावच्या कॅम्प भागात डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मुलांसमोर दोन म्हातारे येतात. 24 तारखेच्या रात्री सांताक्लॉज येतो आणि 31 च्या मध्यरात्री ओल्डमॅनचे दहन होते. सांता खरा वाटावा म्हणून मोठी माणसे बरीच खटपट करतात. ओल्डमॅनसाठी ती कोणीच करत नाही. जुना शर्ट-पॅन्ट, गवत, कागद, मुखवटा आणि पोटात फटाके एवढ्यावर मुले तो स्वतः उभा करतात, नाहीतर रस्त्याकडेला तयार मिळणारा आणतात. सरत्या वर्षाचे ते सोंग आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते, तरी तो पेटताना होणारा कल्ला तसूभरही कमी नसतो. सणाच्या आनंदासाठी मुलांना एखादे पात्र खरेच आहे असे पटवावे लागत नाही, याचा हा ढळढळीत पुरावा.

सांता खरा आहे असे मुलांना सांगावे का, हा प्रश्न आता ख्रिस्ती घरांपुरता उरलेला नाही. कॅम्पातल्या 1856 साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्ससारख्या मिशनरी शाळांत मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या एका बाकावर बसत आली आहेत. सांता त्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चौथ्या शतकातले मायरा येथील बिशप निकोलस हे त्याचे मूळ. आजचा गोलमटोल, दाढीवाला सांता घडला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत; व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी 1863 पासून काढलेल्या चित्रांचा त्यात मोठा वाटा आहे.

लहान मुलांना खरे आणि काल्पनिक यांतला भेद नीट कळत नाही, असे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचे मत होते. पुढच्या संशोधनाने ते बरेच सौम्य केले. भातुकलीतला भात खायचा नसतो हे तीन वर्षांच्या मुलालाही समजते. मग सांतावर विश्वास का बसतो? कारण त्याचे पुरावे मोठी माणसेच तयार करतात. जॅकलिन वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना ‘कँडी विच’ नावाच्या एका नव्याच चेटकिणीची गोष्ट सांगितली होती. ती रात्री येऊन मिठाई नेते आणि खेळणे ठेवते. काही घरांत पालकांनी तशी अदलाबदल खरोखर केली. बऱ्याच मुलांचा विश्वास बसला आणि कित्येकांचा वर्षभराने टिकूनही होता. यात मुलांचा भोळेपणा शोधणे अन्यायाचे आहे. विश्वासातल्या माणसाचा शब्द आणि डोळ्यांसमोरची वस्तू यांवरून त्यांनी योग्यच निष्कर्ष काढला होता.

गौरींच्या सणात मात्र पुरावे असे लपून रचले जात नाहीत. गौरी आणताना दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावले उमटवतात, ती मुलांच्या देखत. पुष्कळदा एखादे पाऊल मुलाच्याच हातून उमटते. गौर आली हा भाव तिथे सगळे घर मिळून धरते, आणि त्यात लपवाछपवी नसते.

सांताबाबत लपवाछपवी असते खरी, पण सत्य कळल्यावर मूल कोसळते ही भीती अवाजवी आहे. अँडरसन आणि प्रेंटिस या संशोधकांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना सांताचे गुपित सरासरी सातव्या वर्षी आपले आपणच उमगले होते. त्यांच्या प्रतिक्रिया बहुतांशी आनंदाच्या होत्या. उदास झाले होते ते पालक.

तेव्हा सांताचा खेळ घरात खुशाल असावा. मुलाने गंभीरपणे ‘तो खरा आहे का?’ असे विचारले की मात्र खरे उत्तर द्यावे. त्या क्षणी नवा पुरावा रचणे म्हणजे त्याची चाललेली विचारप्रक्रिया मोडणे होय. ‘हट्ट केलास तर सांता येणार नाही’ हा धाक तर पूर्णपणे टाळावा. तो बागुलबुवाचाच प्रकार, फक्त लाल कपड्यांतला. उत्तर मिळालेल्या मुलाला धाकट्या भावंडासाठी भेट लपवण्याच्या कामात घ्यावे, म्हणजे खेळ चालू राहतो.

भेटीची किंमत हाही मुद्दा आहे. एका वर्गात कोणाला सायकल मिळते, कोणाला पेन्सिलींचा डबा. चांगल्या मुलांनाच सांता देतो हे खरे धरले, तर डबा मिळालेले मूल आपल्यातच खोट शोधू लागते. म्हणून सांताच्या नावाने खाऊ किंवा लहानसे खेळणे द्यावे, आणि महागाची वस्तू आई-बाबांनी आपल्या नावाने द्यावी.