टाकीतला प्रवाह आणि माशांचे वागणे

ट्राउट आणि सॅमन हे वाहत्या पाण्यातले मासे. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी पोहत राहण्याची त्यांची उपजत सवय टाकीतही सुटत नाही.

गोल टाकीत पाणी काठाजवळ तिरपे सोडतात आणि निचरा तळाच्या मध्यभागी ठेवतात. पाणी गरगर फिरू लागते, तळालगतचा ओघ आत वळतो आणि ढवळलेल्या चहाची पत्ती कपाच्या मधोमध जमावी तशी विष्ठा व उरलेले खाद्य निचऱ्याकडे सरकते. हिमाचलात आणि काश्मिरात ट्राउटसाठी वापरले जाणारे लांबट हौद, म्हणजे रेसवे, ही सोय देत नाहीत. तिथे प्राणवायू पाणी शिरते त्या टोकाला जास्त असतो, त्यामुळे मासेही तिथेच दाटी करतात.

स्वच्छतेपेक्षा महत्त्वाचा परिणाम मात्र माशांच्या आपसातल्या वागण्यावर होतो. संथ पाण्यात काही दांडगे मासे मोक्याच्या जागा बळकावतात, इतरांचे पर कुरतडतात आणि खाद्य अडवतात. दुबळे मासे कोपऱ्यात खंगतात. वेग वाढवला की सगळ्यांना पोहावेच लागते. मासे एकाच दिशेला तोंड करून थव्याने राहतात आणि भांडणे कमी होतात. पोहण्यात शक्ती खर्च होऊन वाढ खुंटेल, हा तर्क बरोबर वाटतो. पण ‘आर्क्टिक चार’ या जातीच्या माशावरील प्रयोगांत मध्यम प्रवाहात वाढ उलट चांगली झाली.

मध्यम म्हणजे किती, ते माशाच्या लांबीवर ठरते. सॅमन कुळासाठी सेकंदाला शरीराच्या लांबीच्या ०.५ ते २ पट वेग मानवतो, म्हणजे २० सेंटिमीटरच्या माशाला १० ते ४० सेंटिमीटर. मासा वाढला की तोच प्रवाह त्याला संथ ठरतो. तेव्हा पाणी वाढवलेच पाहिजे असे नाही. येणाऱ्या नळीच्या छिद्रांची दिशा बदलली तरी तेवढ्याच पाण्यात वेग बदलतो. ही साधी युक्ती पुष्कळदा विसरली जाते.

वेग फार झाला तर मासे थकून मागे रेटले जातात आणि निचऱ्याच्या जाळीला चिकटतात. पिलांच्या टाकीत तर पेचच असतो. तळ धुऊन निघायला लागणारा वेग त्यांना झेपत नाही, म्हणून तिथे प्रवाह मंद ठेवून गाळ सायफनने हाताने काढणेच बरे. युरोपीय सी बासच्या लहान पिलांना जोरदार प्रवाहात सतत झुंजावे लागले, तर त्यांचा कणा वाकतो आणि मोठेपणी तो मासा बाजारात उतरत्या भावाने जातो.