भार, बळ आणि परिमाण

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. गृहस्थाने सर्वस्वाचा त्याग करावा, अशी त्याची अपेक्षा नाही. आपल्याला किती लागते हे आधी ठरवावे आणि त्या मर्यादेत राहावे, एवढेच ते सांगते. व्यापारी कुळांना मोजमाप शिकवावे लागत नाही. हळद, गूळ, सूत, सोने हे सारे ती पिढ्यान्‌पिढ्या तोलूनच घेत आली आणि तोलूनच देत आली. मात्र स्वतःच्या वापराची वस्तू घेण्याची वेळ आली की तोच काटा पुष्कळदा बाजूला राहतो. निर्णय शेजारच्या पेढीकडे पाहून होतो, नाहीतर विक्रेत्याच्या शब्दावर. पेढीसाठी लॅपटॉप घेताना हे विशेष जाणवते.

एके काळी लाल कापडी बांधणीची वही हे पेढीचे सर्वस्व होते. दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अनेक घरांत आजही वहीपूजन होते. मात्र वहीशेजारी आता लॅपटॉपही ठेवलेला असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेबाला तारखांची शिस्त आली. दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीला ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील द्यावा लागतो, १४ तारखेला खरेदीवरील कराचे पत्रक हाती येते आणि २० तारखेपर्यंत मेळ घालून कर भरावा लागतो. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात निघाला की ई-वे बिल हवे. अशा वेळी यंत्र अडले, तर भरलेला ट्रक दारात उभा राहतो. म्हणून ही खरेदी हौसेची राहिलेली नाही.

या खरेदीत दोन गुण एकमेकांच्या आड येतात. एक सुवाह्यता, म्हणजे यंत्र सहज उचलून नेता येणे. दुसरा कार्यक्षमता, म्हणजे काम न अडखळता होणे. तेरा-चौदा इंची पडद्याचा हलका लॅपटॉप साधारणपणे एक ते दीड किलोचा असतो. भारी कामासाठी बनवलेल्या यंत्राचे वजन दोन-अडीच किलोंपर्यंत जाते आणि त्याचा चार्जरही अर्धा किलोच्या घरातला असतो. या फरकाच्या मुळाशी उष्णता आहे. प्रोसेसर जितका राबतो, तितका तापतो. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठा पंखा, तांब्याच्या नळ्या आणि मोकळी जागा लागते. पातळ यंत्रात ती जागा नसते. म्हणून ताप वाढला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. खोक्यावर छापलेला वेग खरा असतो, पण तो किती वेळ टिकेल हे खोके सांगत नाही. ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘यू’ हे अक्षर असते, तो सामान्यतः १५ वॉटच्या आसपास वीज घेणारा, मितव्ययी; ‘एच’ असेल तर ४५ वॉटच्या आसपास वीज घेणारा, अधिक बळाचा आणि अधिक भुकेचा.

हा पेच जुना आहे. १९८१ साली ॲडम ऑस्बर्न यांनी हातात धरून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंची आणि किंमत १,७९५ डॉलर होती. ऑस्बर्न यांचे बालपण तामिळनाडूत गेले होते आणि २००३ साली त्यांचे निधनही कोडाईकनाल येथेच झाले. आपले यंत्र सर्वांत वेगवान आहे, असा त्यांचा दावा नव्हता. कामापुरते असणे पुरेसे आहे, अशीच त्यांची भूमिका होती. ‘पुरेसे’ हा शब्द श्रावकाच्या कानाला परका नाही.

उपकरण कसे असावे, याचा विचार जैन परंपरेने फार पूर्वी केला आहे. दिगंबर मुनींच्या पिच्छीचे पाच गुण मूलाचारात सांगितले आहेत: धूळ न धरणे, घाम न धरणे, मृदुता, सुकुमारता आणि लघुता. संयमाच्या त्या उपकरणाशी संसारातील यंत्राची तुलना होऊ शकत नाही. पण त्या गणनेतील विवेक गृहस्थानेही घ्यावा असा आहे. तेथे लघुता हा गुण मानलेला आहे, क्षुल्लक सोय नव्हे. मात्र तो एकटा नाही. जीवांना इजा न होता प्रमार्जन घडावे, हे उपकरणाचे कार्य. त्या कार्याला साहाय्य करणाऱ्या गुणांमध्ये हलकेपणाची गणना आहे. कोणत्याही साधनाबद्दल म्हणूनच दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. याने काय करायचे आहे? आणि हे कोण वाहून नेणार आहे?

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरात यांतला दुसरा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नव्हता. घरात वडील, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. पेढी ग्रे कापडाची. जुना लॅपटॉप सहा वर्षांचा झाला होता आणि नवा घ्यायचा हे ठरले होते. थोरला मुलगा खरेदी-विक्रीसाठी अहमदाबाद, बालोत्रा असा फिरतो. त्याला सव्वा किलोचा, पातळ, देखणा लॅपटॉप हवा होता. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने फोनवरून सांगितले की घ्यायचाच तर सर्वांत बलवान घ्या, पुढची आठ वर्षे पाहायला नको. दोघांच्या आग्रहात दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी वडिलांनी एक कोरी वही पुढे ठेवली आणि सांगितले, “आठ दिवस हे यंत्र कोणी उघडले, किती वेळ उघडले आणि कशासाठी उघडले, ते यात लिहा. मग बोलू.”

आठ दिवसांनी वहीचा मेळ घातला गेला. थोरल्याच्या नावावर पाच तास होते, त्यांतलेही निम्मे दर आणि नमुने पाहण्यात गेलेले. तेवढे काम त्याचा मोबाइल करू शकत होता. धाकट्याच्या नावावर तीन तास. उरलेले एकतीस तास धाकट्या सुनेचे होते. बिले, बँकेचा मेळ, वस्त्रोद्योगातली उधारी, कर-पत्रकाशी खरेदीचा ताळा हे सारे तीच पाहत होती. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. मुले निजल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र उघडून बसत असे. तिने आणखी एक रकाना स्वतःहून आखला होता: ‘थांबले’. मोठे कोष्टक उघडताना, टॅलीतून माहिती बाहेर काढताना, यंत्र गोठल्यावर पुन्हा चालू करताना गेलेली मिनिटे त्यात होती. रोजची सरासरी चाळीस मिनिटे निघाली.

वडिलांनी विचारले, “हे आधी का नाही सांगितलेस?”

ती म्हणाली, “आण्णा, कोणी विचारलं नव्हतं. आणि काम तर होतच होतं.”

मग वाहण्याचा प्रश्न निघाला. लॅपटॉप प्रवासात महिन्यातून चार-पाच दिवस जात होता. पण घर ते पेढी आणि पेढी ते घर हा फेरा रोजचा होता. तो स्कूटरवरून, मुलीच्या दप्तराबरोबर, तीच करत होती. त्या सव्वादोन किलोंची आणि चार्जरची गणना कोणाच्याच हिशेबात नव्हती. ज्या घरात अर्धा मीटर कापडाचा फरकही लिहिला जातो, त्या घरात हा भार वर्षानुवर्षे नोंदीवाचून राहिला होता. थोरला मुलगा काही वेळ गप्प राहिला. नंतर त्यानेच सांगितले की निवड वहिनी-भाऊजींनी करावी आणि प्रवासापुरते आपण मागून नेऊ.

काम आणि वाहक कळल्यावर निवड सोपी झाली. टॅली विंडोजवर चालते आणि ती प्रोसेसरवर फार मोठा भार टाकत नाही. त्यामुळे चित्रपट-संकलनाला लागणारे बळ अनावश्यक ठरले. मात्र मोठी कोष्टके आणि ब्राउझरची दहा-पंधरा पाने एकाच वेळी उघडी राहतात, म्हणून १६ जीबी रॅम आवश्यक ठरली. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम मूळ पट्टीवरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, हे दुकानात आधी विचारून घेतले गेले. जुन्या यंत्राचा मंदपणा मुख्यतः फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कमुळे होता. नव्यात एसएसडी आली. पडदा चौदा इंची, वजन दीड किलोच्या आत.

चौदा इंची यंत्रांत सहसा उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र कळफलक नसतो आणि हिशेब करणाऱ्या हाताला तो हवाच असतो. यूएसबीने जोडता येणारा तसा छोटा कळफलक काही शे रुपयांत मिळाला. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन बसेल असे नेहमीचे यूएसबी तोंड यंत्राला आहे, हेही पाहिले गेले. पेढीवर एक मोठा पडदा आणि दुसरा चार्जर कायमचा ठेवण्यात आला. त्यामुळे दिवसाचे दीर्घ काम मोठ्या पडद्यावर होते आणि पिशवीत केवळ लॅपटॉप राहतो. भार आणि बळ यांतील अर्धा पेच अशा चार पूरक वस्तूंनीच सुटतो, हे विक्रेता क्वचितच सांगतो. कारण त्याला एकच मोठे खोके विकायचे असते.

किमतीचा विचारही मोजूनच करावा. मूळ किंमत ६०,००० रुपये धरली, तर १८ टक्के कर १०,८०० रुपये होतो. बिल पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घेतले आणि यंत्र व्यवसायासाठीच वापरले, तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळू शकते. प्राप्तिकरासाठी संगणकावर ४० टक्के घसारा घटत्या किमतीवर धरला, तर पूर्ण वर्षांच्या हिशेबाने ६०,०००चे ३६,०००, मग २१,६०० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १२,९६० रुपये उरतात. तीन वर्षांत चार-पंचमांशाच्या जवळपास किंमत वहीतून उतरते. म्हणूनच आठ वर्षांनंतर कदाचित लागेल अशा बळासाठी आज दुप्पट रक्कम गुंतवणे हे दूरदृष्टीचे वाटले, तरी पुष्कळदा तो केवळ संचय असतो.

जुन्या यंत्राचाही विचार झाला. त्यातील पेढीची माहिती पूर्णपणे पुसून त्यात नवी एसएसडी बसवली गेली, आणि ते मंदिराच्या पाठशाळेत मुलांच्या उपयोगाला गेले. जे यंत्र खरोखर निकामी होते, ते भंगारात फेकू नये, अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावे. बॅटरीतील द्रव्ये मातीत आणि पाण्यात उतरली, तर दृश्य-अदृश्य किती जीवांना इजा होते याची गणना नाही. खरेदीत विवेक असेल, तर तो विसर्जनातही हवा.

आता त्या घरात ताळ्याचे काम रात्री साडेआठपर्यंत संपते. वाचलेल्या चाळीस मिनिटांत धाकटी सून सामायिकाला बसते. थोरला मुलगा अहमदाबादला निघताना अजूनही लॅपटॉप मागतो. ती कधी देते, कधी म्हणते की या आठवड्यात २० तारीख आहे, मोबाइलवर भागवा. तो भागवतो. वडिलांची ती वही मात्र बंद झालेली नाही. आता घरात कोणतीही मोठी वस्तू घ्यायची झाली की आधी तिच्यात आठ दिवस नोंद होते, आणि पहिला रकाना असतो: ‘कोण वापरते’.