तिरकी चढणारी काच

जुन्या ट्रकच्या दाराची काच फुटते तेव्हा ती बसण्याची खूणही घेऊन जाते. काचा बसवताना मला आयुष्यभर छळलं ते या एवढ्याच गोष्टीने. काच नुसती तडकून जागेवर राहिली असती, तर खालच्या पट्टीत ती कुठे बसली होती हे खडूने आखून घेतलं असतं. पण दाराची काच टफन्ड. सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याने झटक्यात गार केलेली. फुटली की तिचे दाणे होतात, निम्मे सीटवर आणि निम्मे दाराच्या पोटात. हँडल फिरवून काच चढवणारं मशीन वर आणावं, तर पट्टी रिकामी.

नवी काच त्या पट्टीत अर्धं बोट पुढे गेली की पुढच्या कोपऱ्यावर जोर देत चढते. अर्धं बोट मागे राहिली की मागच्या चॅनेलमध्ये रुतते. जुन्या कपाटाचा खण एका बाजूने ओढल्यावर अडकतो, तशी. मशीनला एकच हात असेल तर त्रास आणखी, कारण काच वर जाताना त्याचा रोलर पट्टीतून सरकत राहतो आणि तोल प्रत्येक फेऱ्याला बदलतो.

दुसऱ्या दाराचं माप घ्यावं, असं सांगणारे बरेच भेटतात. नव्या गाडीत घ्यावं की. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या टाटा ४०७ची दोन दारं एकमेकांची जोडीदार राहिलेली नसतात. ड्रायव्हरच्या बाजूच्या बिजागऱ्या झिजून दार खाली उतरलेलं असतं, क्लीनरच्या बाजूचं कुठेतरी ठोकर खाऊन, हातोडीने सरळ करून, वर लांबी भरलेलं. त्यात ड्रायव्हरमंडळींची सवय अशी की अर्धी उतरलेली काच मुठीत धरून दार ओढायचं. त्याने पट्टीतलं रबर सैल होतं आणि काच हळूहळू पट्टीतून सुटते. काच टफन्ड झाल्यावर कापता येत नाही, घासता येत नाही. कडेला ग्राइंडर लागला की सगळा चुरा. म्हणून चौकटीत लाकडी ठोकळा घालून ती फाकवायची, चॅनेलला बाक द्यायचा, बिजागरीखाली पत्री घालायची. दारच काचेच्या मापाला आणावं लागतं.

आमच्या रत्नागिरीत यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. चिरेखाणीवर चालणाऱ्या गाड्यांच्या चॅनेलमधल्या मखमलीत जांभ्याची तांबडी धूळ बसते. इथला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वरचा. त्या धुळीचा चिखल होतो, काच त्यात घासून चरे पडतात आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजतात. मिरकरवाड्याला मासळी भरणाऱ्या गाड्यांना खारा वारा. त्यांची पट्टी खालच्या अंगाने सडते, वरून मात्र साबूत दिसते. घाटावरचे मिस्त्री हात जपून चालवणारे असतात, त्यांचं काम मी पाहिलेलं आहे. पण हा गंज त्यांच्या हिशोबात नसतो. तिकडे बसवलेली काच इथे दुसऱ्या पावसाळ्यात दारात पडते.

आणि आता तर सोपे मार्ग फार झाले. हंगामात वाशीला आंब्याच्या पेट्या न्यायच्या घाईत असलेल्या ड्रायव्हरला कुणी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा कापून सिलिकॉनने चिकटवून देतो. काच एकदा चिकटली की खाली उतरत नाही. घाटात धुकं उतरल्यावर मान बाहेर काढून रस्ता बघायचा तर त्याने काय करावं? त्याहून वाईट म्हणजे घराच्या खिडकीची साधी काच कापून बसवणं. ती फुटली तर सुरे होतात, गळ्याच्या उंचीवर. १९८९च्या मोटार वाहन नियमांत सेफ्टी ग्लासची सक्ती आहे, काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३चा शिक्का असतो, तो बघायला किती वेळ लागतो? मला याचा संताप येतो आणि तो मी गिऱ्हाइकासमोरही लपवत नाही.

हरवलेली खूण मी शोधायचो ती बोटांनी. डोअर पॅड काढायचं, मशीनच्या भोकातून हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि पट्टीच्या पन्हाळीत रोलरने घासून गुळगुळीत केलेली जागा चाचपायची. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळलं की जुनी काच कुठे बसली होती तेही कळतं. मग पुढच्या चॅनेलमध्ये मखमल कुठे जास्त विरली आहे ते बघायचं. दोन्ही खुणा जुळल्या की रबराला साबणाचं पाणी लावून पट्टी तळहाताने ठोकायची. हे आंधळं काम माझ्या हाताला येतं, याचा मला गर्व होता. काम झाल्यावर मी ड्रायव्हरला म्हणायचो, एका बोटाने फिरव. काच सरसर वर गेली की तो माझ्याकडे वळून बघायचा. त्या बघण्यासाठी मी कधीकधी मजुरीही कमी घेतली आहे.

गेल्या पावसाळ्यापासून बोटांचे सांधे सुजतात. भोकातून मूठ आत जात नाही आणि गेलीच तर बोटांच्या टोकांना गुळगुळीत आणि खरखरीत यातला फरक लागत नाही. माझ्याकडे काम शिकणारा मुलगा बारीक हाताचा. त्याला मी सांगत राहिलो, “घासलेली जागा लागेल बघ.” तो म्हणायचा, “काका, सगळंच सारखं लागतंय.” काय लागायला हवं ते मला शब्दांत सांगता येईना. शेवटी त्याने टॉर्च लावून फोनच आत घातला, चित्रण केलं आणि मला दाखवलं. गंजलेल्या पट्टीत रोलरची चकाकती रेघ, तिची दोन्ही टोकं स्पष्ट. मी जन्मभर जे हाताने ओळखलं ते डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो. मला आनंद झाला नाही. जे मला एकट्याला कळत होतं ते आता फोन असलेल्या कुणालाही दिसणार, हे मला खुपलं.

पण त्या रेघेवरून त्याने बसवलेली काच सरळ चढली. आता काम असंच चालतं. तो चित्रण करतो, पट्टी ठोकतो, चॅनेलला बाक देतो. ग्रीस लावू नको, धूळ धरते, हे मात्र त्याला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. २०२५ पासून नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, तेव्हा नव्या गाड्यांच्या काचा बहुतेक वेळ वरच राहतील. खाणीवरच्या आणि बंदरावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं चालतील, त्याला काम पुरेल. पॅड लावण्याआधी हँडल फिरवून बघायचं असतं, काच कुठे जड होते ते मनगटाला कळतं. ते मी त्याला अजून करू देत नाही. त्याने दोनदा मागितलं आहे.